हेलियमवाला लॉकयर साहेब विजयदुर्गला आला होता, पण शोध लागल्यावर तीस वर्षांनी

दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की मोबाईलवर एक मेसेज फिरायला लागतो. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्याचा फोटो असतो आणि खाली मजकूर असतो की हेलियमचा शोध आपल्या कोकणात लागला. १८६८ साली नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रजाने या किल्ल्यावर दुर्बीण लावली, खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि सूर्यावर एक नवं मूलद्रव्य हुडकून काढलं. पुरावा म्हणून किल्ल्यावरचे चौथरे दाखवले जातात. गावात त्यांना आजही साहेबाचे ओटे म्हणतात.

गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच की त्या दिवशी साहेब इंग्लंडमध्ये होता.

मग लॉकयर विजयदुर्गला कधी आलाच नाही का? आला होता. पण ते साल होतं १८९८, आणि तोवर हेलियमचा शोध लागून तीस वर्षं उलटली होती. म्हणजे या किल्ल्यावर तो हेलियम शोधायला आला नव्हता. त्याला दुसरंच काहीतरी सिद्ध करायचं होतं. ज्या कल्पनेसाठी जगातले रसायनशास्त्रज्ञ त्याच्यावर वीस-पंचवीस वर्षं टीका करत होते, तिचा पुरावा त्याला हवा होता.

ती कल्पना अर्धी चुकीची ठरली आणि अर्धी बरोबर. त्यातल्या बरोबर अर्ध्या भागावर आज मुंबईतल्या कुलाब्यापासून जपानपर्यंतची अवाढव्य यंत्रं चालतात. त्यातली काही यंत्रं अणूच्या पोटात काय आहे ते शोधतात, तर काही कॅन्सरच्या गाठी जाळतात.

सरकारी कारकून, घरची दुर्बीण

जोसेफ नॉर्मन लॉकयरचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावात झाला. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. १८५७ साली तो लंडनच्या युद्ध खात्यात कारकून म्हणून चिकटला. दिवसा फायली, रात्री आकाश असा त्याचा दिनक्रम. विम्बल्डनच्या घरी त्याने सव्वासहा इंच व्यासाची दुर्बीण बसवली आणि हा छंद बघता बघता नोकरीपेक्षा मोठा झाला.

त्याच सुमारास जर्मनीत किर्खोफ आणि बुन्सेन या दोघांनी एक भन्नाट गोष्ट दाखवून दिली होती. मीठ घातलेलं भाताचं पाणी उतू जाऊन शेगडीवर पडलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे घरोघरी दिसतं. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की स्वतःच्या ठरावीक रंगांचा प्रकाश सोडतं. हा प्रकाश लोलकातून पसरवला की रंगीत रेघा दिसतात, आणि एका मूलद्रव्याच्या रेघा दुसऱ्याशी जुळत नाहीत. माणसाच्या बोटांचे ठसे जसे असतात तसंच हे. प्रकाश पसरवून या रेघा दाखवणाऱ्या उपकरणाला वर्णपटदर्शक म्हणतात.

आता सूर्यावर काय आहे हे कळायला सूर्यावर जायची गरज उरली नाही. प्रकाश तपासला की झालं.

लॉकयरला वेड लागलं सौरज्वालांचं. खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्य पूर्ण झाकला की कडेला लाल जिभांसारखं काहीतरी दिसतं, त्या या ज्वाला. त्या वायूच्या आहेत की आणखी कशाच्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि तपासायला वेळ मिळायचा तो फक्त ग्रहणातली दोन-चार मिनिटं.

१८६६ साली लॉकयरच्या डोक्यात आलं की ग्रहणाची वाट बघायचीच कशाला? ज्वाला एरवी दिसत नाहीत, कारण आकाशाचा उजेड त्यांना झाकून टाकतो. पण हा उजेड सगळ्या रंगांचा असतो. वर्णपटदर्शकाने तो जितका जास्त पसरवावा तितका फिका पडतो. ज्वाला वायूच्या असतील तर त्यांचा उजेड मात्र मोजक्या रेघांतच गोळा झालेला असणार. तो कितीही पसरवला तरी रेघा ठळकच राहतील. म्हणजे चांगलं उपकरण हाती असेल तर भर दुपारी ज्वाला पाहता येतील.

कल्पना पक्की होती, पण उपकरण नव्हतं. ते बनवून हातात पडायला दोन वर्षं गेली. आणि तेवढ्यात ते प्रसिद्ध ग्रहण येऊन ठेपलं.

१८ ऑगस्ट १८६८

या ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून भारतात शिरली आणि आजच्या आंध्रातल्या मछलीपट्टणकडून बाहेर पडली. विजयदुर्ग तिच्या वाटेवरच होतं. म्हणजे किल्ल्यावर त्या दिवशी भरदिवसा अंधार झाला असणार, यात शंका नाही.

पण दिवस होता श्रावण अमावास्येचा. ऐन पावसाळ्यात कोकणात आकाश किती वेळ मोकळं असतं हे मालवण-देवगडच्या माणसाला सांगायला नको. मोठ्या मोहिमांनी त्यामुळे घाटावरच्या आणि पूर्वेकडच्या जागा निवडल्या. इंग्रजांची पथकं जमखंडी, विजापूर आणि गुंटूरला होती. मद्रासचा सरकारी खगोलशास्त्रज्ञ पॉगसन मछलीपट्टणला होता. फ्रान्सचा ज्यूल्स जान्सेनही गुंटूरला होता.

ज्वालांच्या वर्णपटात या सगळ्यांना ठळक रेघा दिसल्या. ज्वाला वायूच्याच आहेत आणि त्यात मुख्यतः हायड्रोजन आहे, हे त्याच दिवशी ठरलं. एक पिवळी रेघही दिसली, पण बहुतेकांनी ती सोडियमची समजून सोडून दिली.

जान्सेनला त्या रेघा इतक्या ठळक दिसल्या की त्यालाही लॉकयरसारखीच कल्पना सुचली. दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्याने सूर्याच्या कडेवर उपकरण रोखलं आणि ज्वाला दिसल्या. त्याने तसं पत्र पॅरिसला धाडलं. पण बोटीने पत्र पोचायला आठवडे लागायचे.

इकडे १६ ऑक्टोबरला लॉकयरचं उपकरण एकदाचं आलं. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने लंडनच्या आकाशात, ग्रहणाशिवाय, ज्वालांच्या रेघा पाहिल्या. त्यानेही तशी बातमी कळवली. २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीत दोघांची पत्रं वाचली गेली. आधी कोण आणि नंतर कोण, यावर भांडण होऊ शकलं असतं. फ्रेंच सरकारने त्याऐवजी १८७२ साली एक पदक काढलं आणि त्यावर दोघांचेही चेहरे कोरले.

पिवळी रेघ कुणाची?

इतरांनी सोडून दिलेल्या त्या पिवळ्या रेघेला लॉकयरने मात्र धरून ठेवलं. त्याने तिची जागा नीट मोजली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास येतात. ही होती ५८७.६ ला. फरक अगदी थोडा, पण ठसा जुळला नाही म्हणजे माणूस वेगळा.

रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडला सोबत घेऊन त्याने प्रयोगशाळेत खटपट केली. हायड्रोजनच वेगळ्या दाबाखाली अशी रेघ देत असेल का, हे तपासलं. रेघ काही निघाली नाही. शेवटी हे पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य असणार, या निष्कर्षावर तो आला. सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओसवरून, त्याला हेलियम हे नाव मिळालं. नावाच्या शेवटचा ‘इयम’ हा तुकडा तेव्हा धातूंना लावायचे, कारण हा धातू असेल असंच वाटत होतं.

अनेक रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. बाटलीत भरता येत नाही, तराजूत घालता येत नाही आणि फक्त एक रेघ दाखवून नवं मूलद्रव्य म्हणायचं? लॉकयरला सत्तावीस वर्षं थांबावं लागलं. १८९५ साली विल्यम रॅमसेने लंडनमध्ये क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून वायू काढला आणि त्यात तीच पिवळी रेघ सापडली. हेलियम पृथ्वीवरही होता. लॉकयर तेव्हा साठीला टेकला होता.

मधल्या काळात तो स्वस्थ बसला नव्हता. ४ नोव्हेंबर १८६९ ला त्याने ‘नेचर’ हे विज्ञान साप्ताहिक सुरू केलं आणि पन्नास वर्षं त्याचं संपादन केलं. आज संशोधकांना ज्यात आपला लेख यावा असं वाटतं तेच हे ‘नेचर’. पहिली कित्येक वर्षं ते तोट्यात चाललं. युद्ध खात्यातली कारकुनी सुटली आणि तो दक्षिण केन्सिंग्टनला सूर्याचा अभ्यास करणारी वेधशाळा चालवू लागला. माणूस हट्टी आणि वाद घालायला कायम तयार. आणि सगळ्यात मोठा वाद त्याने स्वतःहूनच ओढवून घेतला होता.

अणू उष्णतेने बदलतो?

वाद सुरू झाला कॅल्शियमवरून. हो, तेच दुधातलं आणि हाडातलं कॅल्शियम.

साध्या ज्योतीत कॅल्शियम तापवलं की एक निळी रेघ ठळक दिसते. विजेची जोरदार ठिणगी पाडून तापवलं की निळी रेघ मागे पडते आणि दोन जांभळ्या रेघा उठून दिसतात. सूर्याच्या प्रकाशात तर या दोन जांभळ्या रेघाच सगळ्यात बळकट. मूलद्रव्य तेच, मग ठसा बदलतो कसा? लोखंड, मॅग्नेशियम, टिटॅनियम अशा इतर धातूंतही त्याला हाच प्रकार दिसला. ठिणगीत ज्या रेघा जोर धरतात त्यांची त्याने यादी करायला घेतली.

१८७० च्या दशकात त्याने धाडसी उत्तर दिलं. जास्त उष्णतेत मूलद्रव्याचे तुकडे होतात, आणि जांभळ्या रेघा त्या तुकड्यांच्या आहेत. तारे जितके तप्त, तितकं त्यांच्यातलं द्रव्य अधिक सुटं झालेलं.

त्या काळी अणू म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत अशी वस्तू. सगळं रसायनशास्त्र त्यावर उभं होतं. त्यात हा माणूस पदवी नसलेला, मूळचा कारकून. टीका झाली ती कडक, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. आपल्या बाजूने त्याने दिलेले काही पुरावे नमुन्यांतल्या भेसळीमुळे दिसत होते, हे इतरांनी दाखवून दिलं. तरी तो मागे हटला नाही.

त्याला हवा होता सूर्याच्या पृष्ठभागाला लागून असलेल्या पातळ थराचा, म्हणजे वर्णगोलाचा, नीट फोटो. ग्रहण खग्रास होताना आणि सुटताना काही सेकंद हा थर एकटाच दिसतो आणि त्याच्या शेकडो रेघा एकदम चमकून जातात. त्या रेघा ठिणगीच्या यादीशी जुळल्या तर आपलं म्हणणं खरं.

पण ग्रहणाने त्याला पुन्हा पुन्हा चकवलं. १८७० साली सिसिलीला जाताना त्याच्या मोहिमेचं जहाज खडकावर आपटलं, आणि ग्रहणाच्या दिवशी ढग आले. १८७१ साली तो पहिल्यांदा भारतात आला आणि केरळातल्या बेकल किल्ल्यावरून त्याने ग्रहण पाहिलं. १८९६ साली तो नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेला. तिथे पुन्हा ढग. त्याच ग्रहणात त्याच्या एका सहाय्यकाने नोवाया झेम्ल्या बेटावरून मात्र फोटो मिळवला. आता त्याहून चांगले फोटो हवे होते, आणि पुढचं ग्रहण भारतात होतं.

साहेबाचे दोन मिनिट

२२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या. कोकणात थंडीचे दिवस आणि आकाश निरभ्र असण्याची जवळजवळ खात्री. मुंबई-पुण्यात तेव्हा प्लेगची साथ चालू होती. लॉकयर ६१ वर्षांचा होता, आदल्याच वर्षी त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली होती. विजयदुर्ग त्याने निवडलं कारण सावलीची वाट तिथून जात होती आणि समुद्रमार्गे जड सामान आणता येत होतं.

सोबत त्याचा मुलगा विल्यम आणि सहाय्यक आल्फ्रेड फाउलर होते. मदतीला ब्रिटिश नौदलाची मेल्पोमिनी ही युद्धनौका होती. तिचे अधिकारी आणि खलाशी उपकरणं सांभाळायला जुंपले गेले. कधीकाळी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं असलेल्या जागी आता गोऱ्या खलाशांच्या तालमी चालल्या होत्या. कारण काम चुकलं तर दुरुस्तीला जागा नव्हती. खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची.

मुख्य हत्यार होतं लोलक लावलेले कॅमेरे. त्यात वर्णगोलाची कड प्रत्येक रंगात वेगळ्या कोरीसारखी उमटते आणि एकाच फोटोत शेकडो रेघांची नोंद होते.

या वेळी आकाशाने साथ दिली. फोटो मिळाले. वर्णगोलाच्या रेघांत ठिणगीच्या यादीतल्या रेघा ठळकपणे होत्या. सूर्याच्या त्या थरात धातूंची अवस्था प्रयोगशाळेतल्या साध्या ज्योतीपेक्षा वेगळी असते, हे लॉकयरला दिसलं. दोन वर्षांनी, १९०० साली, त्याने आपला सगळा युक्तिवाद पुस्तकात मांडला.

विजयदुर्गची लॉकयरची भेट ती हीच. तो येताना हेलियम शोधलेला माणूस म्हणून आला होता. काळाच्या ओघात लोकांच्या आठवणीत माणूस, किल्ला आणि ग्रहण टिकलं. फक्त १८६८ आणि १८९८ यांची गल्लत झाली.

फुटत नाही, सुटतो

मग लॉकयर बरोबर होता का? अर्धा.

१८९७ साली, म्हणजे विजयदुर्गच्या आदल्या वर्षी, जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. अणूच्या आत आणखी काही आहे हे कळलं. पुढे चित्र स्पष्ट झालं. मधोमध जड केंद्रक आणि भोवती हलके इलेक्ट्रॉन. जास्त उष्णतेत कॅल्शियमचा अणू दुसऱ्या मूलद्रव्यांत फुटत नाही. त्याचा एक इलेक्ट्रॉन सुटतो, एवढंच. केंद्रक तेच, मूलद्रव्य तेच, पण इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूचा ठसा बदलतो. अशा अणूला आयन म्हणतात. त्या दोन जांभळ्या रेघा कॅल्शियमच्या आयनाच्या होत्या.

हे उलगडण्यात विजयदुर्गला आलेल्या फाउलरचा हात होता. १९१२ साली त्याने हायड्रोजन आणि हेलियमच्या नळीत काही रेघा शोधल्या आणि त्या हायड्रोजनच्या मानल्या. पुढच्याच वर्षी नील्स बोरने दाखवलं की त्या हेलियमच्या आयनाच्या आहेत.

शेवटची कडी जोडली भारतीय माणसाने. कलकत्त्याच्या मेघनाद साहांनी एक समीकरण मांडलं. किती तापमानाला आणि किती दाबाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील, हे त्यातून काढता येतं. लॉकयर फक्त उष्णतेकडे बघत होता. साहांनी सांगितलं की दाबही महत्त्वाचा, विरळ वायूत इलेक्ट्रॉन सहज सुटतात. सूर्याच्या वर्णगोलावरचा त्यांचा हा लेख ऑक्टोबर १९२० मध्ये छापला गेला.

लॉकयरने तो वाचला नाही. १६ ऑगस्ट १९२० ला, ८४ व्या वर्षी, सिडमथजवळ टेकडीवर स्वतः उभारलेल्या वेधशाळेच्या गावी त्याचं निधन झालं होतं. लेख आला त्याच्यानंतर दोन महिन्यांनी. साहा त्यानंतर लंडनला गेले आणि त्यांनी काम केलं ते फाउलरच्या प्रयोगशाळेत.

आयन पळवणारी यंत्रं

इथून गोष्ट सूर्यावरून जमिनीवर येते.

अख्ख्या अणूवर एकूण विद्युतभार शून्य असतो, त्यामुळे विजेने त्याला ओढता येत नाही. इलेक्ट्रॉन काढून आयन केला की तो विजेच्या दाबाने पळतो आणि चुंबकाने वळतो. म्हणून प्रत्येक आयन त्वरकाचं पहिलं काम तेच, जे सूर्याच्या वर्णगोलात आपोआप घडतं.

साहा १९३६ साली अमेरिकेत बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनपर्यंत पोचले. तसं यंत्र कलकत्त्यात व्हावं म्हणून त्यांनी आपला विद्यार्थी लॉरेन्सकडे शिकायला पाठवला आणि पुढची वर्षं त्यासाठी घालवली. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात १९७७ साली मोठा सायक्लोट्रॉन सुरू झाला. त्यात अल्फा कण धावू लागले, आणि अल्फा कण म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन काढलेला हेलियम. पुढे तिथे जड आयनही पळवले गेले.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन आहे. त्याची युक्ती मजेशीर आहे. अणूला आधी एक जादा इलेक्ट्रॉन देऊन ऋण आयन बनवतात. मधल्या टोकाला १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत धन दाब ठेवता येतो, तो त्याला जोरात ओढून घेतो. तिथे कार्बनचा अतिपातळ पापुद्रा असतो. त्यातून जाताना त्या आयनाचे कितीतरी इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि तो धन आयन होतो. मग जे टोक त्याला ओढत होतं तेच आता त्याला ढकलून देतं. एकाच दाबाचा दोनदा फायदा.

आणखी वेग हवा असेल तर पुढे एक जोडयंत्र आहे. त्यात तांब्यावर शिशाचा मुलामा दिलेले डबे उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवतात, म्हणजे शिसं विजेला अडवत नाही. इतकं थंड करायला वापरतात द्रवरूप हेलियम. हे आयन दुसऱ्या अणूंवर आदळवून केंद्रकं कशी जुळतात, फुटतात आणि फिरतात ते शास्त्रज्ञ अभ्यासतात.

कॅन्सरच्या गाठीपर्यंत

आणि उपचाराचं काय?

क्ष-किरण शरीरात शिरले की कातडीपासून थोड्या खोलीवर सर्वाधिक ऊर्जा टाकतात आणि पुढे कमी कमी होत आरपार जातात. गाठीच्या आधीच्या आणि नंतरच्या चांगल्या भागालाही मार बसतो. डॉक्टर वेगवेगळ्या कोनांतून किरण सोडून तो मार वाटून देतात. बहुतेक रुग्णांना याचा चांगला उपयोग होतो.

आयनांची रीत उलटी. वेगात असताना ते वाटेत थोडीच ऊर्जा सोडतात. वेग मंदावला की शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये उरलेली जवळजवळ सगळी टाकतात आणि थांबतात. १९०४ च्या सुमारास विल्यम ब्रॅगने हे पहिल्यांदा पाहिलं ते रेडियममधून निघणाऱ्या अल्फा कणांत, म्हणजे पुन्हा हेलियमच्याच केंद्रकांत. आयनाचा वेग ठरवला की तो किती खोलीवर थांबेल हे ठरतं. डोळ्यामागची, कवटीच्या तळाची किंवा मणक्याला चिकटलेली गाठ असेल तर हे मिलिमीटर फार मोलाचे असतात.

बर्कलीत १९५७ पासून हेलियमच्या आयनांनी उपचार सुरू झाले. १९९२ ला तिथलं काम थांबेपर्यंत सुमारे दोन हजार रुग्णांना ते मिळाले, त्यात डोळ्याच्या कॅन्सरचेही होते. १९७५ पासून तिथे आणखी जड आयन वापरून पाहिले गेले. त्या अनुभवावर जपानने चिबा इथे १९९४ साली कार्बनच्या आयनांनी उपचार सुरू केले. जर्मनीत हायडेलबर्गला २००९ पासून असं केंद्र आहे.

कार्बनच का? तो हायड्रोजनच्या केंद्रकाच्या, म्हणजे प्रोटॉनच्या, बारापट जड. त्यामुळे वाटेत कमी फाकतो. शिवाय तो पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळ तोडतो, आणि असा घाव पेशीला सहज सांधता येत नाही. साध्या किरणांना दाद न देणाऱ्या काही गाठी यामुळे मानतात. तोटेही आहेत. कार्बनचं केंद्रक वाटेत कधी कधी फुटतं आणि त्याचे तुकडे गाठीच्या पलीकडे जातात. आणि यंत्र इतकं मोठं की त्यासाठी वेगळी इमारतच बांधावी लागते. हेलियम या दोघांच्या मधला, प्रोटॉनपेक्षा नेमका आणि कार्बनपेक्षा कमी तुकडे सोडणारा. म्हणून २०२१ पासून हायडेलबर्गने हेलियम पुन्हा उपचारात आणला आहे.

महाराष्ट्रात जड आयनांचं उपचार केंद्र नाही. पण नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळू लागले आहेत. प्रोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन काढलेला हायड्रोजन.

१८६८ च्या श्रावणात सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांत दोन मूलद्रव्यांच्या रेघा दिसल्या होत्या, हायड्रोजनच्या आणि हेलियमच्या. त्याच दोघांची केंद्रकं आज डॉक्टर गाठीवर सोडतात.

तेव्हा यंदा १८ ऑगस्टला तो मेसेज आला तर पुढे ढकलायला हरकत नाही. फक्त साल दुरुस्त करा. हेलियमची रेघ लॉकयरने लंडनहून ओळखली. विजयदुर्गला तो आला ते इलेक्ट्रॉन सुटलेल्या अणूंचे फोटो काढायला. आयन हे त्याचं खरं नाव मात्र त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. ओट्यांना अभिमानाचं कारण हवंच असेल, तर ते एवढं पुरेसं आहे.